शाळेंतील पत्ते

गेल्या पावसाळ्यांत एक पालक मला भेटावयास आले आणि किंचित् संकोचानें म्हणाले, "सर, इंग्रजीच्या तासाला पत्ते खेळतों असें आमचा मुलगा म्हणतो. हें खरें काय?" तें खरेंच होतें. त्यांच्या प्रश्नांत रोष नव्हता, काळजी होती. पत्त्यांच्या नादानें घरें बुडालेलीं आपण सर्वांनीं पाहिलीं वा ऐकलीं आहेत. म्हणून त्यांस जें तोंडी सांगितलें, तेंच येथें लिहितों.

चित्रांवरून शब्द शिकविण्याची कल्पना जुनीच आहे. मोराव्हियांतील धर्मोपदेशक व शिक्षक कोमेनियस यांनीं १६५८ सालीं न्युरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक छापविलें. त्यांत चित्रांतील वस्तूंना आंकडे देऊन त्यांचीं लॅटिन व जर्मन नांवें दिलीं होतीं. पण इतक्या दूर तरी कशाला जावें? सावंतवाडीच्या चिताऱ्यांची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेंत दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, असे १२० गोल पत्ते असतात. मासा, कासव, परशु हीं चिन्हें निरक्षरासहि वाचतां येतात. मी ख्रिस्ती, परंतु दहा अवतारांचीं नांवें मला क्रमानें येतात, तीं या पत्त्यांमुळेंच.

आमच्या वर्गांतील पत्ते इतके देखणे नाहींत. पहिला कॅट मींच पुठ्ठ्याचा केला, आणि तो साफ फसला. चित्राखालीं इंग्रजी नांव लिहिलें होतें. मुलें अक्षरें वाचून मोकळीं होत, चित्राकडे पाहातहि नसत. दुसरा कॅट मुलांनीं स्वतः काढला. त्यांत अक्षर नाहीं. होडी, फणस, इरलें, रहाट, सूप अशीं घरचीं चित्रें आहेत. नियम एवढाच, कीं ज्याला पत्ता हवा त्यानें समोरच्या भिडूकडे तो इंग्रजींत नांव घेऊन मागावा. नांव चुकलें तर पत्ताहि नाहीं आणि पाळीहि गेली. सारें मर्म या मागण्यांत आहे. नुसत्या जोड्या जुळविण्यांत मूल डोळ्यांच्या बळावर जिंकतें, जिभेला कांहींच काम पडत नाहीं. मोबाईलवरील पुष्कळ खेळांचा दोष हाच.

एकदां रोवळीचें चित्र निघालें. तिचें इंग्रजी नांव कोणास येईना. खरें सांगावयाचें तर मलाहि येईना. तेव्हां वर्गांत एरव्हीं तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "बास्केट फॉर वॉशिंग राइस." हें नांव धरावें कीं नाहीं यावर दोन्ही बाजूंत बराच वाद झाला. शेवटीं पत्ता तिलाच मिळाला. त्यानंतर ती तासाला बोलूं लागली.

पत्त्यांनीं सर्व भाषा येते असें मात्र मी म्हणत नाहीं. नामें येतात, थोडीं क्रियापदें येतात. 'जरी' आणि 'तरी' यांचें चित्र कोण काढणार? त्यासाठीं व्याकरण आणि निबंध आहेतच, व ते कंटाळवाणे वाटले तरी करावेच लागतील. म्हणून हा डाव आठवड्यांतून एकदांच, तोहि वीस मिनिटें. पैसा नाहीं, पैज नाहीं. ज्या पालकांस पाहावयाचा असेल त्यांनीं शुक्रवारीं शेवटच्या तासास यावें. मागच्या बाकावर जागा असते.