कूलरचा डाग आणि डिपॉझिट

मागच्या वर्षी अमरावतीतली खोली सोडली तेव्हा घरमालक काकांनी १५ हजारांच्या डिपॉझिटमधून ४ हजार कापले. कारण? रंग. "भाऊ, भिंत पाहा ना कशी झाली." तीन वर्षं राह्यलो हो मी तिथं! एवढ्या वर्षांत भिंत मळणारच. पण वाद घालायचा कंटाळा केला आणि गप निघालो.

आता गंमत बघा. गेल्या महिन्यात अकोल्याला घरी गेलो, तर बाबा वहीत तसाच हिशेब मांडत बसलेले. वरच्या मजल्यावरची पोरं खोली सोडत होती. यादीत दोन नळ, गिझरची कॉइल, भिंतीची भेग आणि खिडकीखालची ओल.

म्हटलं बाबा, आपण खारपाणपट्ट्यात राहतो. बोअरच्या पाण्यानं नळ आणि कॉइल जाणारच, त्यात मीठ काही पोरांनी टाकलं नाही. भेग काळ्या मातीची, ती पावसाळ्यात फुगते न् उन्हाळ्यात आकसते. दोन्ही झीज, म्हणजे खर्च आपला.

ओलीवर मात्र मी बाबांच्या बाजूनं. ४५ डिग्रीत कूलर लागतोच, थोडा डाग पडला तर पडला. पण पाणी उन्हाळाभर गळत होतं, पोरांनी सांगितलं नाही, अन् प्लास्टर सुटलं. हे नुकसान. तरी पैसे तेवढ्या प्लास्टरचे. पाच वर्षं जुन्या रंगासाठी अख्खी भिंत त्यांच्या माथी कशाला?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०८ मध्ये, जागा जशी घेतली तशी परत करा, वाजवी झीज सोडून, असं आहेच. आपला ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, ते कलम त्याला थेट लागत नाही. म्हणून तर झिजेचं वाक्य करारातच हवं.

"करार हाये ना, नोटरी केलेला," बाबा म्हणाले. नोटरीनं भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकून बाबा जरा वेळ वहीकडे पाहत बसले.

शेवटी ९०० रुपये कापले, गवंड्याची चिठ्ठी दाखवून. बाकी पोरांच्या हातात. नव्या भाडेकरूंचा करार नोंदवला, खोलीचे फोटो दोघांच्या मोबाइलवर. आणि कूलरचा स्टँड आता भिंतीपासून वीतभर लांब आहे.