समुद्रातील वाट कोणत्या पुस्तकात?

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर माझे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळेच ते लोकांना ठाऊक. शाळा मराठी, बाजार हिंदी आणि समुद्र शेकडो मैल दूर. अशा गावच्या मुलाने नौकानयनावर लिहावे याचे कुणालाही हसू येईल. पण सागरी विम्याचा धडा वाचताना एक साधा प्रश्न पडला : होकायंत्र हाती येण्यापूर्वी तांडेल भर समुद्रात वाट काढीत कसे?

उत्तरासाठी पुस्तके धुंडाळली. कान्होजी आंग्र्यांच्या लढायांवर पाने भरभरून मिळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरणच आहे; जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे बळजबरीने तोडू नयेत, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. बी. के. आपटे यांचा मराठी आरमार व व्यापारी जहाजांवरील १९७३ चा ग्रंथ मोलाचा, पण तो इंग्रजीत. रात्री दिशा कशी ओळखावी, हे मात्र सापडले ते पंधराव्या शतकातील अरब नाविक इब्न माजिद याच्याकडे. तेही टिबेट्स यांच्या १९७१ च्या इंग्रजी ग्रंथात. लाकडी फळीला गाठी मारलेली दोरी असे. गाठ दातांत धरून फळीची खालची कड क्षितिजाला व वरची ध्रुवाला लावायची. ध्रुव किती 'बोटे' वर आहे, त्यावरून आपण किती उत्तरेस आलो ते कळे.

लढाई हा आरमाराचा इतिहास झाला. वाट काढणे हा नाविकाचा. पहिला आपण लिहिला, दुसरा तोंडीच राहू दिला. आता उपग्रह वाट दाखवतात, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण मोसम चुकला की गलबत महिनोन् महिने बंदरात अडके आणि व्यापाऱ्याचे व्याज वाढे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे परके कसे?

अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेले शिवणीचे जहाज 'कौंडिण्य' २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. जुने आराखडे उरले नव्हते; शिवण तेवढी केरळच्या कारागिरांच्या हातात जिवंत होती. ते हातही थांबले असते तर?

म्हणून दोन सूचना. आपटे व टिबेट्स यांचे ग्रंथ ग्रंथालयाने घ्यावेत. आणि मालवण, रत्नागिरी, कारवारकडील मित्रांनी सुटीत घरी जाताना वही न्यावी. वाऱ्यांची, ताऱ्यांची, भरती-ओहोटीची नावे म्हाताऱ्या तांडेलांकडून उतरवून आणावीत. पुढील अंकात ती मराठी व कन्नड दोन्ही विभागांत छापू. शुद्धप्रत करण्याचे काम माझ्याकडे.