अडलेली मोटार आणि अनुमान

मुंबईहून निघालेली जुनी मोटार बोरघाट चढून लोणावळ्यास पोंचली, म्हणजे आंत बसलेल्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. परंतु तेथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर, आमच्या कामशेतच्या सपाट रस्त्यावर, तीच मोटार कधीं कधीं चार आचके देऊन उभी राहते. ‘घाट चढली ती सपाटीवर कां अडली?’ असें यजमान विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहतां एकेक भाग बदलावयास लागतात. हा प्रश्न केवळ मोटार बाळगणाऱ्यांचा नव्हे. दिसणाऱ्या कार्यावरून न दिसणाऱ्या कारणाकडे कसें जावें, हें कोडें प्रत्येक कुटुंबांत रोज पडतें. म्हणून या वेळीं तोच विषय घेतला आहे.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण निःशंकपणें म्हणतों. कारण अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं. ‘मोटार थांबली, त्या अर्थीं पेट्रोल पोंचत नाहीं’ हें अनुमान मात्र त्या तोडीचें नव्हे. पेट्रोल पोंचत असूनही ठिणगी न पडल्यास मोटार थांबतेच. साध्य नसतांही जो हेतु आढळतो, त्यास नैयायिक सव्यभिचार म्हणतात, व त्यावर विसंबत नाहींत. म्हणून मोटार थांबली एवढेंच न पाहतां ती कशी थांबली हें पाहावें. फुंकरीनें दिवा मालवावा तसें एंजिन एकाएकीं बंद पडलें, तर संशय बहुधा विजेच्या बाजूवर घ्यावा. गुदमरत, अडखळत, जोर ओसरत थांबलें, तर पेट्रोलाच्या बाजूवर. अडखळतांना चोक किंचित् ओढला आणि एंजिन सांवरलें, तर मिश्रणांत पेट्रोल कमी पडत आहे, हा संशय बळावतो.

उदाहरणास एम्. जी. बी. ही इंग्रजी क्रीडा-मोटार घेऊं. १९६२ पासून १९८० पर्यंत तिच्या पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि जुन्या मोटारींच्या शौकिनांत तिचें नांव अजून आहे. तिच्यांतील पेट्रोलाचा मार्ग सरळ आहे. मागें टांकी, टांकीजवळ विजेवर चालणारा पंप, तेथून पुढें जाणारी नळी, आणि एंजिनापाशीं एस्. यू. जातीचे दोन कार्बुरेटर. एस्. यू. म्हणजे स्किनर युनियन. हे स्किनर बंधु जोड्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्यांतले, आणि त्यांच्या आरंभींच्या कार्बुरेटरांत चामड्याचा भाता असे!

हा पंप बोलका आहे. किल्ली फिरवतांच तो टक्-टक् वाजूं लागतो, आणि कार्बुरेटरचीं पात्रें भरलीं म्हणजे गप्प होतो. तो अखंड भराभर वाजत राहिला, तर टांकी रिकामी आहे किंवा पंपाच्या मागील एखाद्या सांध्यांतून हवा आंत शिरत आहे. तो गप्प आहे आणि पात्रेंही कोरडीं आहेत, तर तीन शक्यता उरतात. पंपास वीज मिळत नसेल किंवा त्याचे पॉइंट जळाले असतील. पुढें पात्राची सुई अडकून वाट बंद झाली असेल. अथवा मागून पेट्रोल ओढणें पंपास अशक्य झालें असेल. ज्यास हा आवाज ऐकतां येतो, त्याचें निम्में काम हत्यार उचलण्यापूर्वींच होतें.

गेल्या वैशाखांत अशीच एक मोटार आमच्या घरासमोर थांबली. आजोबांच्या पश्चात् ती एकत्र कुटुंबाकडे आली होती. दीड वर्षांत कॉइल, कंडेन्सर आणि अखेर पंपसुद्धां बदलून झाला. खर्चावरून भावाभावांत शब्द झाले. आणि थोरल्या काकांनीं ती विकून टाकण्याचें ठरवलें होतें. चालवणारा नातू म्हणाला, ‘गुरुजी, दहा मिनिटें थांबलों कीं चालते. उन्हानें तापते, दुसरें कांहीं नाहीं.’

येथेंच अनुमानाची मेख आहे. दहा मिनिटें थांबल्यानें एंजिन थंड होतें हें खरें. पण त्याच दहा मिनिटांत आणखीही कांहीं घडत असेल, तर श्रेय कोणास द्यावें? आम्हीं किल्ली फिरवावयास सांगितली. पंप गप्प होता. मग त्यास टांकीचें झांकण उघडण्यास सांगितलें. सुस्कारा सोडल्यासारखा हवेचा आवाज झाला, आणि पाठोपाठ पंप टक्-टक् करूं लागला.

पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा टांकींत यावयास पाहिजे. या मोटारीच्या मूळ झांकणास त्यासाठीं बारीक वाट होती. तें झांकण हरवल्यावर तशाच आकाराचें, परंतु हवाबंद झांकण कोणी बसवलें होतें. पेट्रोल ओढलें जाई तसतशी टांकींत पोकळी वाढे, आणि शेवटीं पंप हतबल होई. दहा मिनिटांत फटींतून थोडी हवा झिरपे, म्हणून मोटार पुन्हां चाले. खोपोलीस टांकी भरतांना झांकण उघडलें होतें. म्हणून घाट निभावला आणि कामशेत निभावलें नाहीं. पोकळीस चढ आणि सपाटी यांचा भेद ठाऊक नसतो.

तरीही एका प्रयोगावर निर्णय देऊं नये. झांकण लावून मोटार पुन्हां नेली, ती अडली. या वेळीं एंजिन थंड होऊं न देतां केवळ झांकण क्षणभर उघडलें. ती लगेच चालूं लागली. दुसऱ्यांदाही तसेंच झालें. कारण असतां कार्य आणि कारण नसतां कार्याचा अभाव, असा अन्वय-व्यतिरेक जुळल्यावरच आम्हीं कारण निश्चित मानलें. पुढें योग्य झांकण बसलें, आणि विक्रीची गोष्ट तूर्त मागें पडली आहे.

याचा अर्थ उष्णतेचा दोष खोटा असा नव्हे. पेट्रोलांतील हलका अंश ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतो. ज्या गाड्यांत पंप एंजिनालाच जोडलेला असतो, त्यांच्या नळींत वाफ कोंडते. दुसरें कारण नव्या पेट्रोलाचें. २०२३ च्या फेब्रुवारीपासून शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें, व २०२५ पर्यंत तें देशभर रूढ झालें. हें इथेनॉल आपल्या उसापासूनही होतें. परंतु त्यानें जुन्या रबरी नळ्या फुगून चिरतात, टांकींतील जुना मळ सुटून गाळणी तुंबते, आणि तें हवेंतील पाणी शोषतें. मावळच्या पावसाळ्यांत चार महिने उभी राहिलेली मोटार बाहेर काढण्यापूर्वीं टांकीच्या तळचें थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत घेऊन पाहावें. खालीं निराळा थर बसला, तर टांकी रिकामी करावी. नळ्याही इथेनॉलास टिकतील अशाच घालाव्यात.

घरच्या मंडळींस एक गोष्ट निक्षून सांगतों. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते. पेट्रोलाची नळी सोडावयाची, तर मोटार उघड्यावर, एंजिन गार, बॅटरीची तार सोडलेली, अग्निशामक हाताशीं, आणि मुलें व विडी दोन्ही दूर, एवढें असल्यावांचून हात लावूं नये. कार्बुरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतून एंजिन फिरवण्याची चाल रस्त्यावर फार दिसते. तिच्यानें मोटारच नव्हे, माणूसही भाजतो.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललें व काय झालें हें वहींत लिहून ठेवावें. ताप उतरत नाहीं म्हणून तीन औषधें एकदम देणारें, अथवा मुलाचा अभ्यास होत नाहीं म्हणून शाळा, शिकवणी आणि खोली एकाच महिन्यांत बदलणारें घर त्या दीड वर्षाच्याच वाटेनें जात असतें. गुण आला तरी तो कशानें आला हें त्यास कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस तें पुन्हां तेथूनच आरंभ करतें.