७५० मणी आणि अडीच तास

मंडळी, आमच्या युसूफ वडगावला (तालुका केज, जिल्हा बीड) सध्या घरातल्या दोघीतिघी पोरी बारीक मण्यांचे दागिने करायला शिकताहेत. मोबाइलवर बघून कानातली, हातातल्या पट्ट्या, काय काय चाललंय. मला कौतुकच आहे त्याचं. पण आठ दिवस होत नाहीत तोवर घरात एक प्रश्न सुरू झाला, "विकायचं कधी?" आज लिहायचंय ते या प्रश्नावर.

"घरबसल्या कमाई" हे शब्द आमच्या भागात फार गोड लागतात. दिवाळीच्या आसपास नवराबायको मिळून ऊसतोडीला बाहेर पडतात असा आमचा जिल्हा. सावलीत बसून चार पैसे मिळणार म्हटल्यावर कोण नको म्हणेल? म्हणूनच आधी हिशेब मांडू.

११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा. (नंबर जितका मोठा तितका मणी लहान, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं.) हातातली पट्टी दहा मणी रुंद आणि १५ सेंटीमीटर लांब धरली तर ७५ ओळी, म्हणजे ७५० मणी झाले. नवखा हात मिनिटाला पाच मणी ओवतो असं समजा. अडीच तास गेले, तेही एकदाही उसवावं न लागता! समजा पट्टी १०० रुपयांना गेली आणि सामानाचे ३० रुपये वजा केले, तर तासाला २८ रुपये पडले. आणि शेजारीण काय म्हणणार? "घरचीच आहेस गं, ५० ला दे."

मग शिकू नये का? जरूर शिकावं! मणी ओवणं काही बाहेरून आलेलं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला सातवाहन काळातले मणी सापडलेत, तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या अंगावर मणी, कवड्या, आरसे असतातच. आणि काळ्या मण्यांची पोत कुठल्या घरात नाही?

माझं म्हणणं एवढंच, की पहिले काही महिने हे शिक्षण म्हणूनच राहू द्या. ताटात जाड कापड अंथरून त्यावर मणी पसरावेत, म्हणजे घरंगळत नाहीत. स्वस्तातले मणी लहानमोठे निघतात, ते आधी निवडून घ्यावेत. दोऱ्याच्या टोकाकडे एका मण्यातून सुई दोनदा काढून तो अडकवून ठेवावा, म्हणजे बाकीचे सुटत नाहीत. सुई जात नसेल तर जोर लावू नये, काच फुटते. प्रत्येक ओळीनंतर मणी मोजावेत. मागे जाऊन चूक सोडवायची सवय ज्या पोरीला लागली, तिला पुढे काहीही शिकवा, येईल.

आणि पैसेच मिळवायचे असतील तर शहरातल्या झगमगाटाशी स्पर्धा करण्याआधी गावाला काय लागतं ते बघा. तुटलेली पोत प्रत्येक गल्लीत असते. रुखवताला मण्यांची तोरणं लागतात. पटवेकऱ्याकडे बसून नीट गाठ मारायला शिका, आणि त्याला शिकवण्याचे पैसेही द्या. जो कुणी चार दिवसांत बायकांना हे काम शिकवून "आता कमवा" म्हणतो, त्याने माल कोण घेणार आणि तासाचा भाव काय पडणार, हेही त्याच चार दिवसांत सांगायला हवं. नाहीतर बाईच्या हाती उरतो उरलेल्या मण्यांचा डबा.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. पोरींनी काही करून दाखवलं तर फुकट मागू नका, किंमत विचारा. ती सांगायला त्यांची जीभ अडखळेल. अडखळू द्या, पण सांगायला लावा. तेही शिकावंच लागतं.

बघा पटतंय का.