बालवयातील मधुमेह : दोष कुणाचा?

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना अलोरे लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे हे नाव महाराष्ट्रात परिचित झाले. अशा गावातील एका दुकानदार कुटुंबाची कल्पना करावी. वैशाखाचा उकाडा आहे. नऊ वर्षांची मुलगी सारखी पाणी मागते, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठते, महिन्याभरात तिचे कपडे सैल होतात. कोकणातील उन्हाळ्यात तहान कुणाला लागत नाही, असे म्हणून घरातले ते मनावर घेत नाहीत. मग एके दिवशी उलट्या सुरू होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जलद चालू लागतो. रुग्णालयात रक्तातील साखरेचा आकडा ऐकून घर स्तब्ध होते. दुसऱ्या दिवशी भेटीस आलेल्यांपैकी कुणीतरी मुलीच्या आईकडे पाहून विचारतेच, "हिच्या माहेरी कुणाला होता का?"

हा प्रश्न सहज विचारला जातो. परंतु तो त्या आईच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो. म्हणूनच त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर प्रत्येक घरात माहीत असणे आवश्यक आहे.

व्यापारी कुटुंबांना मधुमेह नवा नाही. गादीवर बसून आयुष्य काढलेल्या आजोबांना साठीत होणारा मधुमेह हा बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात इन्सुलिन शरीरात असते. मात्र ते पुरेसे प्रभावी ठरत नाही. मुलीला झाला आहे तो पहिल्या प्रकारचा, आणि त्याची जात सर्वस्वी निराळी. येथे शरीराची प्रतिकारशक्तीच दिशाभूल होऊन स्वादुपिंडातील बीटा पेशींवर तुटून पडते. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या या पेशी महिनोन्‌महिने, कधी अनेक वर्षे, नष्ट होत राहतात आणि त्यांतील फार थोड्या उरल्यावर लक्षणे उघड होतात. तेव्हा गेल्या दिवाळीत खाल्लेल्या लाडवांवर किंवा बर्फीवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. गोड खाण्याने हा आजार होत नाही, लसीकरणानेही होत नाही.

अनुवंशाचा वाटा मात्र खरा आहे. प्रतिकारशक्तीला आपले आणि परके ओळखायला शिकवणारी एच.एल.ए. नावाची जनुके असतात. त्यांतील डी.आर.३ आणि डी.आर.४ ही रूपे ज्यांच्याकडे असतात, त्यांना धोका अधिक. परंतु ही रूपे असलेल्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही. याहून बोलका पुरावा जुळ्या भावंडांचा. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. तरीही एकाला हा मधुमेह झाला तर दुसऱ्याला तो होतोच असे नाही, आणि झाला तरी कधी कधी वीस-तीस वर्षांनी होतो. ज्या मुलांना हा आजार जडतो, त्यांतील दहापैकी साधारण नऊ जणांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाही नसतो. पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे वडिलांना हा आजार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता शेकडा ६ च्या आसपास, आणि आईला असल्यास शेकडा ३ च्या आसपास. माहेर-सासरचा हिशेब मांडायचाच झाला, तर तो विचारणाऱ्यांना फारसा सोयीचा निघत नाही.

उरलेला भाग परिस्थितीचा. याचे एक उदाहरण इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात सापडते. भारतीय उपखंडातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांमध्ये १९७८ ते १९८१ या काळात या मधुमेहाचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे ३.१ होते. १९८८ ते १९९० या काळात हेच प्रमाण ११.७ झाले, म्हणजे तेथील स्थानिक मुलांच्या जवळ पोहोचले. दहा वर्षांत कुणाचे रक्त बदलत नाही. बदलले ते हवापाणी, अन्न, संसर्ग आणि राहणीमान. फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा कारेलिया प्रांत यांतही असेच दिसले. दोन्हीकडील लोकांची धोकादायक जनुके मिळतीजुळती. तरी फिनलंडमधील प्रमाण सुमारे सहापट.

मग परिस्थितीतील नेमके काय? २००४ पासून अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या देशांत आठ हजारांहून अधिक बालकांचा जन्मापासून पाठपुरावा सुरू झाला. त्यात एन्टेरोव्हायरस गटातील काही विषाणूंचा आतड्यातील दीर्घ मुक्काम आणि या पेशींवरील हल्ल्याची सुरुवात यांचा संबंध आढळला. गाईच्या दुधाविषयीची शंकाही तपासली गेली. १५ देशांतील दोन हजारांहून अधिक तान्ह्या बाळांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला : दुधातील प्रथिने बारीक तोडून तयार केलेला विशेष आहार दिल्यानेही हा आजार टळला नाही. ड जीवनसत्त्व, आतड्यातील जिवाणू, अतिस्वच्छता यांचा शोध चालू आहे. मातेने अमुक केले असते तर मूल वाचले असते, असे म्हणता येण्याजोगे एकही कारण या संशोधनातून पुढे आलेले नाही.

महाराष्ट्रातील कामही उल्लेखनीय आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह विभाग, हैदराबादची सी.सी.एम.बी. ही संशोधन संस्था आणि इंग्लंडमधील एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या प्रकारचे २६२ रुग्ण, दुसऱ्या प्रकारचे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ जण त्यात होते. युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय धोक्याचा गुणांक भारतीयांतही दोन प्रकारांमधील फरक ओळखण्यास उपयोगी पडतो, असे त्यात दिसले. भारतात याचे मोल विशेष आहे, कारण येथे सडपातळ आणि तरुण माणसांनाही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो आणि केवळ अंगकाठी पाहून निदान चुकते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाला इन्सुलिनऐवजी गोळ्यांवर ठेवणे जीवघेणे ठरते. हा गुणांक उपचार ठरवण्यासाठी आहे, स्थळे पारखण्यासाठी नव्हे. पत्रिकेला जनुकांची चिठ्ठी जोडण्याची कल्पना कुणाच्या मनात आलीच, तर त्याने वरचा जुळ्यांचा दाखला पुन्हा वाचावा.

काही घरांत आणखी एक संकोच असतो. इन्सुलिन पूर्वी गाय आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडातून काढले जाई, आणि ती आठवण वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप आहे. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट यांच्या साहाय्याने तयार होऊ लागले, आणि आज वापरात असलेले बहुतेक इन्सुलिन याच पद्धतीने तयार होते. अशाता वेदनीय कर्माचा उदय म्हणून आजार शांतपणे स्वीकारणाऱ्या घरानेही इन्सुलिनचा एक दिवस चुकवू नये. पर्युषणात मुलाने उपवासाचा हट्ट धरला तर पालकांनी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि मुलाला यथाशक्ती तपाचा अर्थ समजावून सांगावा.

भावंडाला हाच आजार होण्याची शक्यता शेकडा ५ ते ६ असते. म्हणजे शंभरातील चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भावंडे त्यापासून दूर राहतात. काळजी वाटत असेल तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करता येते. असे दोन किंवा अधिक प्रतिपिंड आढळले तर आजार बहुधा पुढे येतो, आणि त्या मुलावर बारीक लक्ष ठेवता येते. प्रतिपिंडांसोबत साखरही बिघडू लागली आहे, पण लक्षणे दिसत नाहीत, अशा टप्प्यावर आजार सरासरी दोन वर्षे लांबवणारे टेप्लिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झाले.

अलोरे येथील त्या कल्पित घरात खरे तर एक वस्तू आधीपासून होती. आजोबांच्या खणात साखर मोजण्याचे छोटे यंत्र पडून होते. ते नातीच्या बोटाला लावावे असे कुणालाच सुचले नाही. मूल वाजवीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागले, झोपेत अंथरूण ओले करू लागले, खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. आकडा २०० किंवा त्याहून वर आला तर उद्याची वाट न पाहता चिपळूणला किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात न्यावे. आकडा कमी आला आणि लक्षणे तशीच राहिली, तरी डॉक्टरांना दाखवावे. उलट्या किंवा धाप सुरू झाली असेल तर यंत्र शोधण्यातही वेळ घालवू नये, गाडी काढावी.