चित्रातली आणि चित्र काढणारी

विदर्भाची सीमा आमच्या हिंगोलीस अगदी लागून. त्यामुळे दमयंती ही आम्हांस पुराणातील राजकन्या न वाटता शेजारच्या मुलखातील लेक वाटते. राजा रविवर्म्याने १८९९ साली रंगविलेल्या ‘हंस-दमयंती’ ह्या तैलचित्राचा जुना छाप आमच्या माजघरात आहे. परवा त्याच्या काचेवरील धूळ पुसता पुसता धाकट्या नातसुनेने विचारले, “आजोबा, ही कोण होती हो? दमयंती नव्हे, जिला समोर उभी करून चित्र काढले, ती.”

प्रश्न मार्मिक होता. तो ऐकताच मला विलायतेतील एका तैलचित्राची आठवण झाली. कारण तेथे त्या स्त्रीचे नाव इतिहासाने जपून ठेवले आहे.

१८४८ साली लंडनात काही तरुण चित्रकारांनी एक मंडळ स्थापिले. राफाएलनंतर चित्रकला ठरावीक साच्यात अडकली, तेव्हा त्याच्या पूर्वीच्या चित्रकारांप्रमाणे निसर्गाकडे निर्मळ दृष्टीने पाहावे, हा त्यांचा आग्रह. त्यांपैकी जॉन एव्हरेट मिले ह्याने १८५१-५२ मध्ये ‘ऑफीलिया’ रंगविली. आगरकरांनी ‘विकारविलसित’ ह्या नावाने मराठीत आणलेल्या ‘हॅम्लेट’ नाटकातील ही दुर्दैवी मुलगी शोकाने भ्रमिष्ट होऊन पाण्यात बुडते. चित्रात ती फुलांसह प्रवाहावर तरंगत आहे.

काठावरील झाडेझुडपे मिलेने हॉग्जमिल नदीच्या तीरी कित्येक महिने बसून रंगविली. मग हिवाळ्यात, टोप्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एलिझाबेथ सिडल हिला त्याने आपल्या चित्रशाळेत पाण्याने भरलेल्या टबात निजविले. पाणी कोमट राहावे म्हणून खाली दिवे ठेवले होते. एके दिवशी ते विझले. चित्रकार कामात गढलेला; ती थंड पाण्यात तशीच पडून राहिली आणि आजारी पडली. तेव्हा तिच्या वडिलांनी औषधोपचाराच्या खर्चासाठी मिलेला धारेवर धरले.

वस्तुतः एलिझाबेथ स्वतः चित्रे काढी, कविताही करी. १८५५ साली रस्किनसारख्या चिकित्सकाने वर्षाला १५० पौंड देऊन तिची चित्रे घेण्याचे ठरविले. १८५७ साली ह्याच चित्रकारांच्या प्रदर्शनात तिची चित्रे लागली. त्यांत स्त्री अशी ती एकटीच. १८६२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती वारली. तथापि जग तिला ओळखते ते पाण्यातील ऑफीलिया म्हणूनच.

ही गोष्ट केवळ परदेशाची नव्हे. त्या परंपरेतील बर्न-जोन्स ह्या चित्रकाराचे साडू लॉकवुड किपलिंग हे १८६५ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकवीत होते. त्याच शाळेत १८९० साली कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर विद्यार्थी म्हणून आले व पुढे तेथेच अध्यापक झाले. त्यांची कन्या अंबिका हिने १९३१ साली तेथील पदविका मिळविली. चित्रकाराच्या घरातली मुलगी चित्रात बसण्यापुरती राहिली नाही; कुंचला तिच्याही हाती आला.

हे सारे सांगून झाल्यावर नातसून काही न बोलता आत गेली आणि एक वही घेऊन आली. तीत कयाधूचा घाट होता, औंढ्याच्या देवळातील शिल्पे होती, आणि पोथी वाचता वाचता डुलकी घेणारा मीही होतो! लग्नापूर्वी तिने चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. घरात येऊन तिला चार वर्षे झाली. “आमची सून अगदी चित्रासारखी आहे हो,” असे आल्यागेल्यास मी कौतुकाने सांगत आलो. पण तिला चित्र काढता येते काय, हे विचारावयाचे मला कधी सुचले नाही. चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारण्यात घालविलेल्या मास्तराची ही चूक क्षम्य नव्हे.

माडीवरच्या खिडकीजवळचे माझे मेज मी तिला रिकामे करून दिले आहे. दुपारचे दोन तास तिला कोणी हाक मारावयाची नाही, असेही घरात ठरले आहे. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी वही ट्रंकेच्या तळाशी असेल. ती आपण होऊन वर येत नाही. कोणी तरी विचारावे लागते.