बागेतले ‘औषध’ आणि बागेतली बुरशी

गेल्या पावसाळ्यात रामबागेतील एका स्नेह्यांच्या घरी बसलो असता जे पाहिले, ते अजून मनातून जात नाही. परसातल्या गुलाबांवर कीड पडली म्हणून ‘औषध’ आणविले होते. दुकानदाराने ते मोठ्या डब्यातून काढून सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले आणि माळीबुवांनी ती बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. चार वर्षांचा नातू तिचे बूच फिरवू लागला, तोच सूनबाईंचे लक्ष गेले म्हणून अनर्थ टळला. त्याच्या दोनच दिवस आधी पाचोळ्याच्या ढिगात पांढरे तंतू दिसले, तेव्हा आजींनी ‘बुरशी लागली’ म्हणून हेच औषध ढिगावरही ओतविले होते.

या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. जे विष आहे त्यास आपण औषध म्हणतो, आणि जी बागेची मुकाट्याने चाकरी करते तिला रोग समजतो.

ढिगातले ते पांढरे तंतू म्हणजे पाचोळ्याचे खत करणारी बुरशी. वाळकी पाने, काड्या, लाकडाचे तुकडे यांतला कठीण काष्ठांश पचविणे हे मुख्यतः तिचेच काम. दुसरी एक बुरशी मुळांशी संसार थाटून राहते. शास्त्रज्ञ तिला मायकोरायझा म्हणतात. मुळांना जिथवर पोचता येत नाही, तिथवर तिचे केसाहून बारीक तंतू पोचतात. तिथला स्फुरद व पाणी ती झाडास आणून देते आणि मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेते. मोहरी, मुळा, कोबी यांचे कूळ सोडले, तर आपल्या परसातल्या बहुतेक झाडांचा तिच्याशी हा व्यवहार चालू असतो. मातीत स्फुरदयुक्त रासायनिक खताचा मारा झाला, की हा व्यवहार मंदावतो. बेनोमिल नावाचे बुरशीनाशक तर असे, की प्रयोगासाठी मुद्दाम ही मूळबुरशी दडपावयाची असली म्हणजे शास्त्रज्ञ तेच मातीत घालीत.

आम्हा इंदूरकरांस हे दुसऱ्याने सांगावे लागावे, याचेच नवल वाटते. सर आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संस्थेत काम करीत होते. आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, वेळोवेळी खालीवर करून तीन महिन्यांत खत करण्याची रीत त्यांनी इथे बसविली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे १९४० च्या ग्रंथात हॉवर्ड यांनी मूळबुरशीचे महत्त्व आग्रहाने मांडले. जगभरचे बागवान ज्या रीतीस ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतात, तिच्या गावी पाचोळा जाळावा आणि उरलेल्यावर विष ओतावे, हे काही आपल्याला शोभत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेचा पहिला मान मिळविणाऱ्या शहरास तर नाहीच नाही.

विषाची गोष्ट आपल्यापासून दूर आहे, असेही म्हणता येत नाही. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळात जो वायू सुटला, तो ज्या कीटकनाशकासाठी साठविलेला होता, ते कार्बारिल बागेतल्या किडीवरही वापरले जाई. कार्बारिल आणि वर सांगितलेले बेनोमिल, या दोहोंवरही २०१८ साली आपल्या सरकारने बंदी घातली. म्हणजे काल जे दुकानदाराने विश्वासाने हाती दिले, ते आज बेकायदा ठरते. त्याच्या शब्दावर किती विसंबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यावर कोणी म्हणेल, मग घरचेच उपाय करावे. करावेत; परंतु घरचे म्हणजे निरुपद्रवी, हा भ्रम नसावा. तंबाखूच्या काढ्यातले निकोटिन जहाल विष असून ते कातडीतूनही अंगात भिनते. मोरचूद वरचेवर वापरला, तर त्यातले तांबे मातीत साठत जाते. तसेच सगळी बुरशी मित्र, असेही नव्हे. गुलाबावरची भुरी, रोपांची मर हेही बुरशीचेच रोग आहेत. बागेत उगवलेली अनोळखी अळंबी तर तोंडात घालूच नये. पण भुरीचे पान खुडून टाकणे, झाडांत हवा खेळू देणे, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालणे, एवढ्याने पुष्कळदा काम भागते. ट्रायकोडर्मा ही तर रोगट बुरशीवर मात करणारी बुरशीच. ती शेणखतात मिसळून मातीत घालता येते.

इतके करूनही फवारणे भागच पडले, तर मूळ डबा पाहून घ्यावा. त्यावरच्या चौकटीचा खालचा त्रिकोण तांबडा असेल, तर ते सर्वांत जहाल. पिवळा, निळा आणि हिरवा हे त्यानंतरचे उतरते क्रम. सुटे औषध कधीही घेऊ नये, दुसऱ्या बाटलीत ओतू नये, आणि डबा मुलांच्या हाती न लागेल असा कुलपात ठेवावा. फवारणाऱ्या माळ्यास हातमोजे व तोंडास आच्छादन देणे, ही मालकाची जबाबदारी आहे. सांगून तो ऐकत नाही, ही सबब पुरेशी नव्हे.

आमची विनंती लहानशीच आहे. प्रत्येक घराने परसाचा एक कोपरा पाचोळ्यासाठी राखावा, जागा नसेल त्यांनी एखादे पिंप ठेवावे. आणि फवारणीच्या डब्यास आजपासून घरात ‘विष’ म्हणावे. त्या स्नेह्यांच्या घरी आता तसे म्हणतात. नातू त्या कपाटाकडे बोट दाखवून पाहुण्यांना बजावतो, “तिथे विष आहे, हात लावू नका.”